केबल काढण्याआधी हे बघा: फ्री डिशवर काय दिसतं, मोबाईलवर किती नेट जातं आणि घरी राहणाऱ्यांचं काय

दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर आणि शेजारच्या पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तरणी माणसं कारखान्यावर जातात, मागे घरात आजी-आजोबा आणि शाळेची पोरं राहतात. जाणाऱ्याबरोबर त्याचा मोबाईल जातोच. आणि नेमका याच दिवसांत घरात विषय निघतो: केबलला महिन्याला पैसे कशाला घालायचे? सगळं मोबाईलवर दिसतं की.

दिसतं, हे खोटं नाही. पण मोबाईल ज्याच्या खिशात त्यालाच दिसतं. टीव्ही घराचा असतो, मोबाईल एका माणसाचा. तो माणूस गावाबाहेर पडला की नेटही गेलं आणि मालिकाही गेली. त्यामुळे केबल काढायची की ठेवायची, याचा हिशेब नुसता रुपयांत करून चालत नाही. दुपारी आणि संध्याकाळी सात-आठ वाजता टीव्हीपुढे कोण बसतं, हे आधी बघावं लागतं.

बिल असं का येतं

गावाकडच्या केबलला सेट टॉप बॉक्स शेवटच्या टप्प्यात सक्तीचा झाला. त्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती. त्याआधी केबलवाला घरात एक वायर टाकायचा, महिन्याला ठरलेली रक्कम घ्यायचा आणि कोणतं चॅनेल किती पैशांचं हे कोणी विचारायचं नाही. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवीन नियम लागू झाले आणि बिलाचे दोन भाग पडले.

पहिला भाग नुसत्या जोडणीचा. पहिल्या १०० चॅनेलना जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. एकही पैशाचं चॅनेल घेतलं नाही तरी हा आकार लागायचाच. दुसरा भाग पैशाच्या चॅनेलचा. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी ही घराघरात बघितली जाणारी चॅनेल पैशाची आहेत. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० चॅनेल द्यायचं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही १३० ची मर्यादाच काढून टाकली. आता जोडणीचा आकार कंपनी स्वतः ठरवते, फक्त तो उघड जाहीर करावा लागतो. म्हणून एकाच तालुक्यातल्या दोन गावांत बिल वेगळं येतं.

केबल काढायच्या आधी केबलवाल्याला एवढंच विचारा: यात जोडणीचे किती आणि चॅनेलचे किती? बऱ्याच घरांच्या पॅकमध्ये इंग्रजी सिनेमे, दक्षिणेकडची चॅनेल, लहान मुलांची पाच-सहा कार्टून असतात. घरात ती कोणी लावत नाही, पैसे मात्र जातात. हवं ते चॅनेल सुटं घ्यायची सोय नियमात आहे. मागितली तरच मिळते, हा भाग वेगळा. काही घरांत पॅक छोटं केलं तरी काम भागतं, केबल काढायची वेळ येत नाही.

केबलवाल्याची बाजूही बघितली पाहिजे. वादळात तार तुटली तर शिडी घेऊन तोच येतो, आणि महिना पुढे-मागे झाला तर तोच थांबतो. कंपनीचं कॉल सेंटर उधारी ठेवत नाही.

छपरावरचा जुना अँटेना आता कामाचा नाही

बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न हाच असतो. घरावर माशाच्या काट्यासारखा जुना ॲल्युमिनियमचा अँटेना पडून आहे, तोच लावला तर दूरदर्शन येईल का? नाही येणार. १९८७-८८ ला रामायण लागायचं तेव्हा अख्खी आळी एका टीव्हीपुढे बसायची. पडद्यावर मुंग्या आल्या की एक जण पत्र्यावर चढून दांडा फिरवायचा आणि खालून बाकीचे ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचे. ते चित्र दूरदर्शनच्या जमिनीवरच्या टॉवरवरून यायचं. हे जुन्या पद्धतीचे टॉवर प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केले. ३१ मार्च २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणं सोडून सगळे बंद करायचं ठरलं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत नवीन डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, त्यात मुंबई आणि औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर होतं. पण ते शहराच्या आसपासपुरतं, आणि त्याला वेगळा ट्यूनर लागतो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांना त्याचा उपयोग नाही. जुना अँटेना भंगारात घातला तरी चालेल.

त्याची जागा आता छत्रीने घेतली आहे, म्हणजे डिशने.

फ्री डिश म्हणजे नेमकं काय

दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झाली, तेव्हा ३३ चॅनेल होती. पुढे तिचं नाव डीडी फ्री डिश झालं. आज देशात चार कोटींहून जास्त घरांत ती असल्याचा अंदाज आहे. चित्र येतं ते जीसॅट-१५ या इस्रोच्या उपग्रहावरून. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला. जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो असतो. पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आपल्याला तो एकाच जागी दिसतो, म्हणून डिश एकदा नीट बसवली की हलवायची गरज नाही.

खर्च एकदाच. डिश, बॉक्स, वायर आणि बसवणावळ धरून साधारण दीड ते दोन हजार रुपये. त्यानंतर महिन्याला शून्य. कार्ड नाही, रिचार्ज नाही, आणि साधा बॉक्स लावायला नाव नोंदवायची भानगडही नाही. बॉक्स बाजारातून आणा, लावा, चालू.

मग हे फुकट परवडतं कसं? तर इथे पैसे बघणाऱ्याकडून घेत नाहीत, चॅनेलवाल्यांकडून घेतात. फ्री डिशवर जागा मिळवायला खासगी चॅनेलना लिलावात बोली लावावी लागते. ज्याने जागा घेतली ते चॅनेल ठरलेल्या मुदतीपर्यंत दिसतं. मुदत संपली आणि पुन्हा बोली लावली नाही, की गेलं. १ एप्रिल २०२२ ला चार मोठ्या कंपन्यांनी एकदम आपली हिंदी मालिकांची चॅनेल फ्री डिशवरून काढून घेतली होती. स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल ही त्यातली नावं. गावोगाव लोकांना वाटलं बॉक्स बिघडला. बॉक्स चांगला होता, चॅनेल निघून गेली होती. त्यातली काही नंतर परतही आली.

काय दिसत नाही, हे आधी ऐका

हे दुकानदार बहुतेक सांगत नाही, म्हणून इथे स्पष्ट सांगायला हवं. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी ही पैशाची चॅनेल फ्री डिशवर नाहीत. मराठीत सह्याद्री कायम आहे. त्याशिवाय मराठी सिनेमे, गाणी आणि बातम्या दाखवणारी काही खासगी चॅनेल असतात, पण ती लिलावाप्रमाणे बदलतात. कालच्या यादीवर विसंबून डिश घेऊ नका. गावात ज्याच्याकडे चालू फ्री डिश आहे त्याच्या घरी अर्धा तास बसा, रिमोट फिरवा, आणि आजीलाही सोबत न्या. तिच्या रोजच्या दोन मालिका तिथे दिसत नसतील, तर दोन हजार वाचवायच्या नादात तिची संध्याकाळ घालवायची का, हे घराने ठरवायचं. दिवसभर एकट्या असणाऱ्या माणसाला ती मालिका म्हणजे बोलायला कोणीतरी असल्यासारखं असतं.

अशा घराला फ्री डिशपेक्षा छोटं मराठी पॅक बरं. कंपनीच्या डिशवर नुसतं मराठीपुरतं पॅक घेता येतं. ऊसतोडीला निघताना उचल हातात असते, तेव्हाच सहा महिन्यांचा रिचार्ज एकदम मारून ठेवला तर मधेच बंद पडायची भीती नाही. नाहीतर होतं असं की पोरगा सांगली-कोल्हापूरच्या फडात असतो, इकडे टीव्हीवर रिचार्ज संपल्याची पाटी येते, आणि म्हातारा माणूस पाटीकडे बघत बसतो. कोणाला सांगायचं तेही त्याला समजत नाही.

क्रिकेटचं वेगळंच आहे

फ्री डिशवर क्रिकेट दिसतं का? भारताच्या संघाचं बरंचसं दिसतं, आयपीएलची खात्री नाही. यामागे २००७ चा एक कायदा आहे. देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण ज्या कंपनीकडे असेल, तिने ते प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, विश्वचषकाची उपांत्य आणि अंतिम फेरी अशी ती यादी आहे. हे सामने डीडी स्पोर्ट्सवर येतात.

गंमत पुढे आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे फुकट मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या टॉवरवरून आणि फ्री डिशवरून दाखवावं, खासगी केबल आणि डिशला देऊ नये. म्हणून होतं असं, की महिन्याला पैसे भरणाऱ्या घरात डीडी स्पोर्ट्सवर सामना दिसत नाही, आणि फुकटची छत्री लावलेल्या शेजारच्या घरात दिसतो. बॉक्स खराब नाही, नियमच तसा आहे.

आयपीएल त्या यादीत नाही. २०२३ आणि २०२४ ला ती जिओसिनेमावर मोबाईलवर फुकट दिसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं आणि आयपीएलसाठी पैसे किंवा ठरावीक रिचार्ज लागू लागला. मोबाईलवरचं फुकट हे असं असतं, आज आहे उद्या नाही.

शेतकऱ्याच्या कामाचं म्हणाल, तर सह्याद्रीवरचं ‘आमची माती, आमची माणसं’ आणि मे २०१५ मध्ये सुरू झालेलं डीडी किसान फ्री डिशवर येतं. पोरांसाठी इयत्तावार शाळेची चॅनेल आहेत. आकाशवाणीची केंद्रंही त्याच बॉक्सवर लागतात. हे फार कमी घरांना माहीत असतं. रेडिओ बिघडलेल्या आजोबांना टीव्हीवर आकाशवाणी लावून द्या, पडदा काळा राहील पण आवाज येईल.

बॉक्स कोणता घ्यायचा

बाजारात दोन जातीचे बॉक्स आहेत, एमपेग-२ आणि एमपेग-४. जुना, स्वस्त बॉक्स एमपेग-२ चा. त्यावर जुन्या पद्धतीने पाठवलेली चॅनेलच दिसतात. एमपेग-४ च्या बॉक्सवर तीही दिसतात आणि नवीन पद्धतीचीही दिसतात. दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी एमपेग-४ चाच घ्यावा. घेताना टीव्हीच्या मागची बाजू बघून जा. जुना डबा टीव्ही असेल तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर लागते, पातळ टीव्ही असेल तर एचडीएमआय. बॉक्सला दोन्ही भोकं असलेली बरी. टीव्ही बदलला तरी बॉक्स बदलावा लागत नाही. काही नवीन टीव्हींच्या आतच उपग्रहाचा ट्यूनर असतो, त्यांना बॉक्सही लागत नाही. डिशची वायर थेट टीव्हीला.

घरावर आधीच एखाद्या कंपनीची बंद पडलेली छत्री असेल तर ती बहुतेक वेळा चालते, फक्त तोंड फिरवावं लागतं, कारण त्या कंपनीचा उपग्रह वेगळ्या जागी असतो. कंपनीचा बॉक्स मात्र फ्री डिशला चालत नाही. आणि तो बॉक्स डिपॉझिट भरून घेतला असेल तर जुनी पावती शोधा. बॉक्स परत देऊन पैसे मागता येतात.

डिश कुठे बघते

आपल्या भागातून डिशचं तोंड बरोबर आग्नेयेला लागतं. मोबाईलमधल्या होकायंत्रावर १३५ अंशांच्या आसपास. कोकणात ते जरा पूर्वेकडे आणि विदर्भात जरा दक्षिणेकडे सरकतं, म्हणून नागपूरच्या पाहुण्याने सांगितलेली दिशा इथे तंतोतंत लागू होत नाही. उपग्रह आकाशात साधारण ६० अंश उंचीवर आहे, म्हणजे बराच वर. पण डिश बघितली तर ती एवढी वर बघताना दिसत नाही, जवळजवळ उभीच वाटते. त्यात चूक नाही. या डिशची घडणच तिरकी असते, वरून येणारी लहर खाली दांड्यावर बसवलेल्या डबीत पडते. त्या डबीला एलएनबी म्हणतात. नवशिके लोक डिश आकाशाकडे उलथी करतात आणि मग रेंज मिळत नाही म्हणून बसतात.

आग्नेयेला लिंबाचं, चिंचेचं झाड किंवा शेजाऱ्याची माडी आड येत नाही ना, ते आधी बघा. उन्हाळ्यात पानं झडलेल्या झाडातून रेंज येते आणि पावसाळ्यात झाड भरलं की जाते. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी लोक बॉक्सला शिव्या घालतात. डिश हलत्या पत्र्यावर नको, भिंतीला किंवा स्लॅबला पक्की हवी. दांडा आधी ओळंब्यात उभा करा, मग डिश चढवा. बॉक्समध्ये रेंजच्या दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची. ताकदीची पट्टी डिश कुठेही फिरली तरी भरलेली दिसू शकते. बघायची ती गुणवत्तेची. केसभर केसभर फिरवत ती वाढली की नट आवळा.

जोराचा पाऊस आला की चित्राचे चौकोन पडतात आणि थोडा वेळ टीव्ही थांबतो. ही लहरच अशी आहे की दाट पावसात ती कमजोर होते. महागड्या डिशचंही तेच होतं. पाऊस ओसरला की आपोआप येतं. न येता राहिलं तर पाणी बहुतेक वायरच्या जोडात शिरलेलं असतं. जोड शक्यतो घराच्या आत घ्या, बाहेर असेल तर रबर टेप गुंडाळा. वळवाच्या दिवसांत विजा कडाडायला लागल्या की बॉक्सची पिन आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा.

मोबाईलचा आणि नेटचा हिशेब

आता मोबाईलचं. साध्या स्पष्टतेत, म्हणजे ४८० वर, तासभर व्हिडिओ बघितला तर अंदाजे अर्धा ते पाऊण जीबी नेट जातं. ७२० वर लावलं तर एक ते दीड जीबी. रोजचं दीड जीबीचं पॅक असेल तर दोन-अडीच तासांत खलास. घरातला टीव्ही मात्र दिवसाला पाच-सहा तास सहज चालतो. म्हणजे हॉटस्पॉट देऊन मोबाईलच्या नेटवर घराचा टीव्ही चालवायचा म्हटलं तर रोज तीन-चार जीबी लागणार. दिवसाचं नेट संपल्यावर वेग इतका पडतो की व्हॉट्सॲपवरचा फोटोही फिरत बसतो. दूध डेअरीचं बिल, पोराचा अभ्यास, बाजारभाव सगळं त्याच नेटवर असतं, हे विसरून चालत नाही. जिथे घरापर्यंत फायबर आलंय आणि चार माणसं ते वापरतात, तिथे गोष्ट वेगळी. तिथे केबल काढून स्मार्ट टीव्ही किंवा स्टिक लावणं परवडतं. नुसत्या मोबाईलच्या नेटवर नाही.

मोबाईलवर फुकट काय आहे? मराठी बातम्यांची बरीच चॅनेल यूट्यूबवर चोवीस तास थेट दिसतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात ‘वेव्हज’ नावाचं ॲप काढलं. त्यावर दूरदर्शनची चॅनेल थेट बघता येतात, जुने कार्यक्रमही आहेत. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर आणि झी मराठीच्या झी फाइव्हवर असतात, पण नवीन भाग बघायला बहुतेक वेळा पैसे लागतात. इथे एक गोष्ट नीट वाचून घ्या. स्वस्तातला प्लॅन ‘फक्त मोबाईल’ असतो. तो घेऊन टीव्हीवर लावायला गेलं की लागत नाही. मग लोक दुसरा प्लॅन घेतात आणि पैसे दोनदा जातात.

दुसरं, ऑटो-पे. पहिल्या महिन्याला स्वस्त म्हणून हो म्हटलेलं असतं आणि पुढे दर महिन्याला खात्यातून रक्कम कापली जाते. फोनपे, गुगल पे किंवा बँकेच्या ॲपमध्ये ‘ऑटो-पे’ नावाचा भाग असतो. तो उघडा, काय काय चालू आहे ते बघा, नको ते बंद करा. केबलचे पैसे निदान माणूस दारात येऊन मागतो. हे पैसे न विचारता जातात, म्हणून डोळ्याला दिसत नाहीत.

फ्री डिशच्या नावाने फोन आला तर

‘तुमची फ्री डिश बंद होणार आहे, नोंदणी करा, शंभर रुपये भरा’ असा फोन किंवा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही आणि रिचार्ज नाही. त्यामुळे पैसे मागायचं कारणच उरत नाही. लिंक दाबू नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण टीव्ही बंद पडायच्या भीतीने तीच माणसं पटकन पैसे देतात.

कोणत्या घराने काय करावं

घरात कायम कोणी ना कोणी असतं, बघणं बातम्या, सिनेमे, भजन-कीर्तन आणि भारताचं क्रिकेट एवढंच आहे, तर फ्री डिश बसवून केबल काढायला हरकत नाही. तरण्या पोरांना हवं ते त्यांनी आपापल्या मोबाईलवर बघावं. घर सहा महिने पूर्ण कुलूपबंद राहत असेल तर फ्री डिशसारखं सोयीचं दुसरं काही नाही. पट्टा पडला, घरी आलात, बटण दाबलं की टीव्ही चालू. थकबाकी नाही, पुन्हा चालू करायची विनवणी नाही. मात्र घरातल्या बाईचं किंवा आजीचं एखाद्या पैशाच्या चॅनेलवर मन असेल, तर छोटं मराठी पॅक ठेवा आणि बाकीचं कमी करा. ‘मोबाईलवर बघत जा’ हा सल्ला तिला द्यायचा असेल तर आधी तिच्या हातात तिचा स्वतःचा मोबाईल आणि त्यात नेट द्यायला हवं. पोराच्या फोनवर तो घरी असेल तेव्हा बघ, असं म्हणणं म्हणजे बंद केल्यासारखंच आहे.

केबल लगेच तोडू नका. फ्री डिश बसवून एक महिना दोन्ही चालू ठेवा. महिनाभरात केबलचा रिमोट कोणी आणि कशासाठी हातात घेतला, ते घरात आपोआप कळतं. मग ठरवा.

डिश बसवून झाली की एक कागद घ्या आणि घरच्यांच्या आवडीच्या चॅनेलचे आकडे मोठ्या अक्षरात लिहून बॉक्सशेजारी चिकटवा. सह्याद्री कितीवर, बातम्या कितीवर, कीर्तन कितीवर. लिलावानंतर, बहुतेक १ एप्रिलच्या सुमारास, चॅनेलची जागा बदलते आणि काही नवीन येतात. म्हणजे टोळ्या गावाकडे परतायच्या दिवसांतच. तेव्हा टीव्हीवर काही दिसेनासं झालं तर बॉक्स तालुक्याला न्यायच्या आधी रिमोटवरचं मेन्यूचं बटण दाबा, ‘ऑटो स्कॅन’ किंवा ‘ऑटो सर्च’ निवडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. बॉक्स सगळी चॅनेल पुन्हा शोधून घेतो. पासवर्ड मागितला तर बहुतेक बॉक्सवर तो चार शून्य असतो. मग भिंतीवरचा कागद काढून नवीन आकड्यांचा लावा.